मैत्रीची आवर्ती ठेव



'आरोग्य आणि अर्थ' म्हटले की पेन्शन, घराचे कर्ज, मधुमेह, रक्तदाब असे विषय डोळ्यांसमोर येतात. आजचा विषय आरोग्याचाही आहे आणि पैशाचाही. मात्र त्याचा अर्ज कुठल्या बँकेत मिळत नाही आणि त्याची गोळी कुठल्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. विषय आहे ऑफिसबाहेरची मैत्री.

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या कंपनीने आमचा सगळा विभागच बंद केला. तोपर्यंत माझी समजूत अशी, की कार्डिफमध्ये आपल्याला मित्रांची काही कमतरता नाही. दुपारचा डबा सहा जणांचा एकत्र, चहा एकत्र, गुरुवारी बॅडमिंटन एकत्र. विभाग बंद झाल्यावर महिन्याभरात दोघे लंडनला गेले, एक रेडिंगला, एक पुण्याला परतला. बॅडमिंटनचे कोर्ट कंपनीच्या नावावर होते, तेही गेले. त्यात माझा व्हिसाही कंपनीचा. नोकरी सुटल्याचे कंपनीने कळवले, की गृहखाते साधारणपणे ६० दिवसांची मुदत देते. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर बायको-मुलांसह बाडबिस्तरा आवरायचा.

त्या दिवसांत एका संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसलो. मंडळातल्या साठ-सत्तर जणांचे नंबर त्यात होते. पण 'मी घाबरलो आहे' असे ज्याला सांगता येईल, असा एकही नंबर सापडेना. नोकरी पुढे मिळाली, तो वेगळा विषय. वर्षभराने बोलता बोलता कळले, की मंडळातल्याच आणखी एका गृहस्थांची नोकरी त्याच सुमारास गेली होती. ते माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. आदल्या दिवाळीला आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो होतो. दोघेही दोन महिने आपापल्या घरात काळजी करत बसलो होतो आणि दोघांनीही एकमेकांना फोन केला नव्हता.

यात मंडळाचा दोष नाही, त्या गृहस्थांचा तर नाहीच. मग चुकले कुठे? इंजिनियरच्या सवयीने मी त्याचा हिशेब मांडला. तोच येथे मांडतो.

१. तासांचा हिशेब

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच दुसऱ्या गावी राहायला गेलेले प्रौढ लोक आणि विद्यापीठात नव्याने आलेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारले, की नव्या ओळखीच्या माणसाबरोबर तुम्ही किती तास घालवले आणि आता ते नाते कुठवर आले आहे? उत्तरांवरून निघालेले ठोकळ आकडे असे: नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० तासांच्या वर. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. केवळ शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, एकत्र जेवण, थट्टामस्करी यांत गेलेले तास उपयोगी पडतात.

माणसागणिक हे आकडे कमीजास्त होणारच. पण अंदाजासाठी ते चांगले आहेत. आता आपल्याकडे पाहू.

ऑफिसमध्ये रोज डब्याचा आणि चहाचा मिळून एक तास धरला, तर आठवड्याला ५ तास होतात. म्हणजे ९० तास १८ आठवड्यांत आणि २०० तास ४० आठवड्यांत भरतात. ऑफिसात मित्र पटकन होतात ते यामुळे. तिथली माणसे बाहेरच्यांपेक्षा काही निराळी नसतात, तास आपोआप भरतात इतकेच.

मंडळाचे पाहा. संक्रांत, गुढीपाडवा, गणपती आणि दिवाळी असे वर्षाला चार कार्यक्रम, प्रत्येकी चार तासांचे धरू. वर्षाचे झाले १६ तास. त्यातही निम्मा वेळ नाटुकली, मुलांचे नाच आणि जेवणाची रांग यांत जातो. तो वेळ वजा केला नाही, तरी एखाद्याशी साधी मैत्री व्हायला तीन वर्षे लागतील आणि जिवाभावाची व्हायला साडेबारा वर्षे. तेही दर कार्यक्रमात आपण त्याच माणसाशेजारी बसलो तर!

आता तिसरा हिशेब. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोन तास. २५ आठवड्यांत ५० तास होतात, ४५ आठवड्यांत ९० आणि १०० आठवड्यांत, म्हणजे सुमारे दोन वर्षांत, २००.

पोस्टातली रिकरिंग आपल्या सर्वांना माहीत आहे. दरमहा थोडी थोडी रक्कम न चुकता भरायची आणि मुदत संपल्यावर पासबुक बघून आपणच चकित व्हायचे. मैत्रीचे खाते याच प्रकारचे आहे. त्यात एकरकमी ठेव चालत नाही. वर्षातून एकदा शंभर पाहुण्यांना दणदणीत जेवण घालणाऱ्यापेक्षा, दर बुधवारी दोघांना चहा पाजणाऱ्याच्या खात्यावर जास्त शिल्लक राहते.

२. सगळे दिवे एका फ्यूजवर

माझ्या बाबतीत दुसरी चूक अशी झाली, की नोकरी, व्हिसा, मित्र आणि खेळ हे सगळे दिवे एकाच फ्यूजवर होते. फ्यूज उडाला आणि घरभर अंधार झाला. पोटापाण्यासाठी घर सोडलेल्या माणसाला हा धोका नेहमीच असतो. आपल्या आधीच्या लोकांनी त्यावर उपायही काढले होते आणि त्यांतला एक तर याच शहरात.

कार्डिफ हे एके काळी जगातल्या मोठ्या कोळसा-बंदरांपैकी एक होते. बंदराजवळच्या ब्यूटटाऊनमध्ये, ज्याला लोक टायगर बे म्हणत, सोमालिया, येमेन, पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीज अशा अनेक ठिकाणांहून आलेले खलाशी राहत. खलाशाची नोकरी एका सफरीपुरती असे. बोट धक्क्याला लागली की हिशेब चुकता आणि माणूस मोकळा. पुढची बोट आठवड्याने मिळेल की चार महिन्यांनी, याचा भरवसा नसे. अशा वेळी त्याला आधार असे तो आपल्या मुलखातल्या माणसाने चालवलेल्या खाणावळवजा निवासाचा. तिथे उधारीवर राहायला-खायला मिळे, कुठल्या बोटीवर भरती आहे ही बातमी मिळे आणि पुढच्या पगारातून उधारी फिटे.

आपल्याकडे मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांत गोव्याच्या खलाशांची 'कूड' असत. काही आजही आहेत. गोव्यातल्या एकेका गावाची एकेक कूड. दरमहा थोडी वर्गणी भरायची, बोटीवर जाताना आपली ट्रंक तिथे ठेवायची, परतल्यावर तिथेच उतरायचे, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करायची. बोट बदलली, कंपनी बदलली, तरी कूड बदलत नसे. आजारी पडलेल्या किंवा काम न मिळालेल्या माणसाला तिथे पथारी टाकायला जागा असे.

टायगर बेची निवासे काय किंवा गोयंकरांची कूड काय, ती कुठल्या जहाज कंपनीने काढलेली नव्हती. ज्यांची नोकरी केव्हाही सुटू शकते, अशा माणसांनी नोकरीच्या बाहेर बांधून ठेवलेले ते घर होते. आपण शिकलेले लोक, आपला पगार त्यांच्यापेक्षा बरा. पण ६० दिवसांची मुदत असलेला माणूस आणि पुढच्या बोटीची वाट पाहणारा खलाशी यांच्यात फार अंतर नाही, हे मला उशिरा कळले.

३. आरोग्याची बाजू

'मित्र नसले तर थोडे उदास वाटेल, एवढेच ना?' असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती आणि सरासरी साडेसात वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवलेले होते. ज्यांचे इतरांशी संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक निघाली. 'आजारी माणूस आपोआपच एकटा पडतो, म्हणून असे दिसत असेल', अशी शंका कोणालाही येईल. पण सुरुवातीची प्रकृती लक्षात घेऊनही हा फरक टिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लावता येतो.

सरकारांनीही याची दखल घेतली आहे. २०१८ मध्ये लंडनच्या सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्यावर जबाबदारी सोपवली. फेब्रुवारी २०२० मध्ये वेल्स सरकारने याच विषयावर स्वतःचे धोरण जाहीर केले. त्यानंतर महिन्याभरातच टाळेबंदी आली आणि घरी बसून काम करण्याची पद्धत रुजली. जी माणसे आजही घरून काम करतात, त्यांचे तर डब्याचे आणि चहाचे तासही गेले.

शरीरावर परिणाम कसा होतो, हे समजायला अवघड नाही. सतत सावध राहणाऱ्या मनाला झोप नीट लागत नाही, रक्तदाब चढा राहतो, व्यायाम सुटतो, रात्री उशिरा फरसाणाचा डबा जवळ येतो. शिवाय 'अरे, तुझा चेहरा उतरलाय, डॉक्टरकडे जाऊन ये' असे सांगणारे कोणी नसते. घरात बायको किंवा नवरा असतो, हे खरे. पण एकाच माणसाने बायको, मैत्रीण, डॉक्टर आणि वकील असे सगळे व्हावे ही अपेक्षा त्या माणसावर अन्याय करणारी आहे.

एक महत्त्वाची सूचना. एकटेपणा आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मित्र शोधत बसू नका, आधी आपल्या जी.पी.कडे जा. तातडीची वेळ असेल तर वेल्समध्ये १११ फिरवून २ दाबावे. मानसिक आरोग्याची मदत तेथे चोवीस तास मिळते. नुसते कोणाशी तरी बोलायचे असेल, तर समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक मोफत आहे. यात कमीपणा काही नाही. दाढ दुखली तर आपण दंतवैद्याकडे जातोच.

४. पैशाची बाजू

(अ) नोकरीची बातमी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक लेख फार प्रसिद्ध आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून बातमी मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? 'वारंवार' म्हणणारे सुमारे १७ टक्के निघाले, 'अधूनमधून' म्हणणारे सुमारे ५६ टक्के आणि 'क्वचित' म्हणणारे सुमारे २८ टक्के. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून.

तेव्हा मंडळाच्या चार सणांना मी मघाशी नावे ठेवली, असे कोणी समजू नये. सणांतून लांबच्या ओळखी मिळतात आणि त्यांचा उपयोग मोठा आहे. पण 'मी घाबरलो आहे' हे सांगायला जवळचे माणूस लागते. चालू खाते आणि ठेव खाते अशी दोन्ही खाती लागतात, तसेच हे आहे.

(आ) आणीबाणीची माणसे. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवावी, असे अर्थसल्लागार सांगतात. त्याच धर्तीवर तीन माणसे हाताशी असावीत: शाळेतून मुलाला आणू शकेल असे एक, रात्री दोन वाजता रुग्णालयात येईल असे एक, आणि पैशाची खरी परिस्थिती ज्याला सांगता येईल असे एक. परदेशात मामा-काका नसतात. ही तीन माणसे जमवावी लागतात. माझ्या मुलाखतींच्या दिवशी माझ्या मुलाला शाळेतून आणून खाऊ घालणारी शेजारीण वेल्श होती. पत्नीची तिच्याशी गट्टी जमली ती वाचनालयातल्या बालवाचनाच्या तासाला. दर आठवड्याचा एक तास, दीड वर्ष. त्याची किंमत त्या दोन महिन्यांत कळली.

(इ) भिशी आणि उसनवारी. मैत्री जमली की भिशीचा विषय निघतोच. भिशीत वाईट काही नाही. दरमहा भेटण्याचे ते उत्तम निमित्त आहे. पण लक्षात ठेवा, बँकेतल्या किंवा क्रेडिट युनियनमधल्या ठेवीला या देशात जे सरकारमान्य संरक्षण असते, ते भिशीला नसते. रक्कम लहान ठेवा, माणसे ओळखीची ठेवा, कोणाचा नंबर कधी हे कागदावर लिहा. उसने देताना परत आले नाही तरी मैत्री टिकेल एवढीच रक्कम द्या. आणि मित्रांना विमा, गुंतवणूक किंवा साखळी योजना विकायला जाऊ नका. दोन वर्षांत जमवलेले तास एका संध्याकाळी खर्ची पडतात.

५. कार्डिफमध्ये तास कुठे भरायचे?

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ती दर आठवड्याला असावी, तीच तीच माणसे पुन्हा भेटावीत आणि हातांना काही काम असावे. समोरासमोर बसून 'बोला आता' म्हटले की बोलणे सुचत नाही. भाजी निवडताना मात्र थांबत नाही.

पार्करन: दर शनिवारी सकाळी ९ वाजता, पाच किलोमीटर, मोफत. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू झालेला हा उपक्रम कार्डिफमध्ये टॅफ नदीच्या काठाने २००८ पासून चालतो. पळता आलेच पाहिजे असे नाही, चालणारेही पुष्कळ असतात. एक गोष्ट अनुभवाने सांगतो, पळताना मैत्री होत नाही, दम लागलेला असतो. मैत्री होते ती नंतरच्या चहाच्या वेळी आणि त्याहून अधिक स्वयंसेवक म्हणून उभे राहिल्यावर. बारकोड तपासायला उभे राहा, महिन्याभरात दहा माणसे नावाने हाक मारू लागतात.

वेल्श भाषेचे वर्ग: कार्डिफ विद्यापीठातर्फे प्रौढांसाठी चालतात. नोकरीला उपयोग काय, असे विचारू नका. फायदा असा, की तिथे सगळेच अडखळत असतात. ऑफिसात इंग्रजीवरून आपल्या मनात जो संकोच असतो, तो इथे राहत नाही, कारण शेजारचा इंग्रज आपल्याइतकाच गोंधळलेला असतो. मराठी माणसाला तर थोडी सवलतच आहे. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद वेल्शमध्ये 'टी' आणि 'खी' असा आहे, नामांना स्त्रीलिंग-पुल्लिंग आहे. शिवाय 'हिराइथ' असा त्यांचा एक शब्द आहे. घरच्या ओढीची हुरहूर असा त्याचा साधारण अर्थ. तो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

बागेचा तुकडा: महापालिकेच्या आणि संस्थांच्या भाजीच्या वाफ्यांना येथे अलॉटमेंट म्हणतात. पाँटकॅनाचे वाफे प्रसिद्ध आहेत. बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते, म्हणून नाव आजच घालावे. मेथी-कोथिंबीर लावा. शेजारच्या वाफ्यातले आजोबा विचारतात, हे काय? तिथून संवाद सुरू होतो आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या जास्तीच्या काकड्या आपल्या दारात येतात.

समूहगान: वेल्समध्ये गाणे हा जवळजवळ धर्मच आहे. आवाजाची परीक्षा न घेता प्रवेश देणारी गायनमंडळे शहरात आहेत. ज्यांना भजनाला टाळ धरायची सवय आहे, त्यांना येथे परके वाटणार नाही.

सेवा: ग्रेंजटाऊनचे स्वामिनारायण मंदिर, स्प्लॉटमधील इंडिया सेंटर, धर्मादाय दुकाने, अन्नपेढ्या. सगळीकडे हातांची गरज असते. स्वयंपाकघरात कांदे चिरायला जो दर आठवड्याला जातो, त्याला ओळख करून द्यावी लागत नाही.

क्रिकेट: मुंबईचा रवी शास्त्री १९८७ ते १९९१ या काळात ज्या ग्लॅमॉर्गनकडून खेळला, त्या संघाचे मैदान सोफिया गार्डन्स आपल्या शहराच्या मधोमध आहे. पण नुसता सामना पाहण्यापेक्षा शनिवार-रविवारी लीगमध्ये खेळणाऱ्या स्थानिक संघात जावे. खेळता येत नसेल तर धावफलक लिहावा. चांगला लेखनिक प्रत्येक संघाला हवाच असतो.

६. आपल्या घरातल्या अडचणी

'या एकदा.' हे आपले लाडके वाक्य. त्यात आपुलकी आहे, पण तारीख नाही. इथले लोकही 'भेटू कधीतरी' म्हणतात, त्याचाही अर्थ तोच. इथे माणसे दोन-तीन आठवडे आधी ठरवून भेटतात. त्यात तुटकपणा आहे असे समजू नये, ती इथली रीत आहे. तेव्हा 'या एकदा' ऐवजी 'पुढच्या बुधवारी सात वाजता या' असे म्हणावे. जमणार नसेल तर ते दुसरी वेळ सांगतील.

पाच पदार्थांची भीती. हा मुद्दा मुद्दाम पुरुष वाचकांसाठी. आपल्याकडे कोणी यायचे म्हटले, की दोन भाज्या, कोशिंबीर, पुऱ्या, गोड असा बेत ठरतो. घर आवरायचे ते वेगळेच. गृहिणी दोन दिवस राबते, म्हणून बोलावणे चार महिन्यांनी एकदा होते आणि आमंत्रण मिळालेल्या घरालाही तेवढाच बेत परत करायचे ओझे वाटते. अशाने तास भरत नाहीत. आमच्या चार घरांनी एक नियम केला: चहा आणि एकच पदार्थ. पोहे तर पोहे, नाहीतर बिस्किटे. दुसरा पदार्थ करणाऱ्याला दंड! या एका नियमाने आमच्या भेटी वर्षाला तीनवरून महिन्याला तीनवर गेल्या.

जोडीदार आणि आई-बाबा. नोकरी करणाऱ्याला निदान ऑफिस तरी असते. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या पतीला किंवा पत्नीला तेही नसते आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना तर काहीच नसते. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा त्यांचा दिवस किती लांबतो, याचा विचार करा. रोथ पार्कच्या बाकावर दोन घरांतले आजी-आजोबा रोज एका वेळी भेटतील, एवढी व्यवस्था फोनवरून पाच मिनिटांत होते.

आपलीच माणसे की स्थानिक माणसे? दोन्ही. मराठीत बोलल्याशिवाय मन मोकळे होत नाही, हे खरे. पण आपल्यातले पुष्कळ जण एकाच क्षेत्रात, एकाच प्रकारच्या व्हिसावर आहेत. मंदी आली की सगळ्यांनाच येते. म्हणून निदान एक तास तरी वेगळ्या धंद्यातल्या, वेगळ्या वयाच्या माणसांत घालवावा.

७. स्वाध्याय

वही घ्या आणि पुढील गोष्टी लिहा. अर्धा तास पुरतो.

१) गेल्या महिन्यात कुटुंबाबाहेरच्या ज्या माणसांबरोबर तुम्ही गप्पांत वेळ घालवला, त्यांची नावे आणि प्रत्येकापुढे अंदाजे तास.

२) उद्या नोकरी गेली तर यांतली कोणती नावे राहतील? उरलेल्यांवर काट मारा. माझ्या वहीत त्या वेळी एक नाव उरले असते आणि तेही पत्नीच्या ओळखीचे.

३) आणीबाणीची तीन माणसे कोण? जागा रिकामी असेल तर रिकामीच ठेवा, ओढूनताणून नाव घालू नका.

४) वर दिलेल्यांपैकी, किंवा तुमच्या मनातली, आठवड्यातून एकदा होणारी एकच गोष्ट निवडा आणि बारा आठवडे न चुकता जा. पहिले तीन-चार आठवडे अवघडल्यासारखे होईल. 'आपले इथे काही जमत नाही' असे वाटेल. बारा आठवड्यांचे २४ तास होतात, म्हणजे साध्या मैत्रीच्या निम्मीच वाट. निकाल त्यानंतर लावावा.

५) मंडळातल्या एका माणसाला या आठवड्यात फोन करा. निमित्त लागत नाही. 'सहज केला' एवढे पुरते.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. कॅथेज-रोथ, लॅनिशेन-हीथ, कँटन-पाँटकॅना, पाँटप्रेनाउ असे विभाग करून सहा-आठ घरांचे लहान गट पाडावेत आणि प्रत्येक गटाने आठवड्याचा एक वार ठरवावा. त्याला हॉल लागत नाही, वर्गणी लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही. सणांच्या कार्यक्रमाला येणारी माणसे मग एकमेकांना नुसती ओळखणार नाहीत, कोणाच्या घरी काय चालले आहे हेही त्यांना ठाऊक असेल.

जाता जाता त्या गृहस्थांविषयी, ज्यांच्या शेजारी बसून मी दिवाळीला जेवलो होतो. ती हकीकत कळल्यावर आम्ही दोघांनी बुधवार संध्याकाळ ठरवली. पाऊस असला तर छत्री घेऊन, पण चालायला जायचेच. पुढे आणखी दोघे आले, त्यांतले एक शाळेत शिक्षक आहेत आणि एक बस चालवतात. आमचे शंभर बुधवार अजून भरलेले नाहीत. पण मागच्या महिन्यात त्यांच्या कंपनीत पुन्हा माणसे कमी करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी त्याच रात्री मला फोन केला. आम्ही तासभर बोललो.

तुमचा बुधवार कोणता ते ठरवा आणि पुढच्या अंकासाठी अवश्य लिहून कळवा.